वरशाच्या तळ्यावरचे शुक्रवार

एझ्राकाका अष्टमकर रोह्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं फिटर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांची शिफ्ट सुटली नव्हती. सकाळी सातला ते वरशातल्या आपल्या घराचं फाटक उघडायचे आणि पातेल्यावर पळी वाजवायचे. गल्लीतली कुत्री हजर व्हायची. संध्याकाळी सहाला पुन्हा पळी. मधल्या वेळात कुणाला काही मिळायचं नाही. "ओव्हरटाइम बंद," असं ते कुत्र्यांना बजावून सांगायचे, आणि कुत्र्यांना ते पटायचं.

नावंही कंपनीतलीच. सगळ्यांत म्हातारा तो फोरमन. तो काम काही करायचा नाही, पडल्या पडल्या सगळ्यांवर नजर ठेवायचा. सायरन सतत भुंकायची. वेल्डर भांडताना ठिणग्या पाडायचा. एक पांढरीशुभ्र चुनी होती. मार्गशीर्षात सायरनला चार पिल्लं झाली. त्यांना नावं नव्हती. "कंत्राटी हायत," काका म्हणायचे. "सहा महिने काम बघू. मग कायम करू."

घरात काका आणि हन्नाकाकू, दोघंच. मुलगा डॅनियल कॅनडात. भाऊबंद केव्हाच इस्राएलला गेले. काका मूळचे पेणच्या रामवाडीचे. त्यांच्या लहानपणी आळीत यहुद्यांची अकरा घरं होती, आता एक आहे. तुम्ही का नाही गेलात, असं कुणी विचारलं की काका गंभीर चेहरा करून सांगायचे, "सेकंड शिफ्ट लागली होती. सुट्टी मिळाली नाय."

घरासमोर रस्ता. रस्त्यापलीकडे तळं.

तळं म्हणायचं, पण पाणी दिसत नव्हतं. दोन पावसाळ्यांत जलपर्णीनं ते काठोकाठ झाकून टाकलं होतं. थंडीत ती आणखी दाटते. वर जांभळी फुलं येतात. बगळे तिच्यावरून आरामात चालतात. नवखा माणूस तिला हिरवं रान समजेल. कुत्रं तर समजतंच. ते दहा पावलं जातं. पानं दबतात, पण धरतात. अकराव्या पावलाला खालची मुळं फाटतात आणि कुत्रं आत जातं. वर यायला ते पंजा टाकतं, पंजाखालची पानं फाटतात. दुसरा पंजा टाकतं, तीही फाटतात. मुळं पायांत गुंततात. एरवी नदीत पोहणारं कुत्रं इथे दोन हातही पोहू शकत नाही. ते बुडालं की पानं सरकून पुन्हा जुळतात. काठावरून बघणाऱ्याला वाटावं, काही झालंच नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी चुनी गेली. पाणकोंबडीच्या मागे लागली होती. भर दुपारी, चारचौघांच्या देखत. काका जेवणावरून उठून धावले. त्यांना हिरवं दिसलं, जांभळं दिसलं. पांढरं कुठे दिसलं नाही.

पंधरा दिवसांनी वेल्डर गेला. त्याला जाताना कुणी पाहिलं नाही. शनिवारी सकाळी पळी वाजली आणि तो आला नाही. मग तळ्यावर कावळे जमले. डिसेंबरात एक करडं कुत्रं गेलं. नाताळच्या आठवड्यात काळी कुत्री गेली, तीही तशीच, कुणी न बघता.

चार झाली. काकांनी जेवणाच्या टेबलावर हात आपटला. "पाचवं जाऊ देणार नाय."

हन्नाकाकूंनी सांडलेली आमटी पुसली. "तळ्याला सांगा. मला काय सांगताय?"

पहिला उपाय जाळ्याचा. कोळ्यांकडून जुनं जाळं आणून काकांनी रस्त्याच्या बाजूनं ठोकलं. तिसऱ्या दिवशी त्याखालून कुत्र्यांनी बोगदा काढला. मग बांधून ठेवण्याचा उपाय. चार दिवस कुत्री साखळीला, आणि चार दिवस सायरनचा एकच सूर. तळ्याला लागून मालतीबाई प्रधानांचा बंगला. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. पाचव्या दिवशी सकाळी त्या कुंपणाशी उभ्या राहिल्या.

"अष्टमकर, तुमचा हा ग्रामोफोन बंद होणार आहे की मी रोह्यात खोली बघू?"

"बाई, सोडली तर बुडतात."

"आणि बांधली तर मी बुडते. माझा मुलगा संक्रांतीला येतोय. घराला रंग लागतोय. त्याला काय हे ऐकवू?"

काकांनी साखळ्या सोडल्या. ग्रामपंचायतीत गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं की जलपर्णी काढायचं यंत्र येणार आहे. कधी, ते यंत्रालाच माहीत.

मागच्या आळीत सरूबाय राहायची. पासष्टीची, काटकुळी. माहेर पेणच्या खाडीकाठचं, लहानपण सगळं मिठागरात गेलेलं. कुत्र्यांवर तिचाही जीव. वेल्डरला ती मासळीची डोकी आणून घालायची. ती काकांना म्हणाली, "एझ्राभाऊ, तुम्ही जाळी लावा नायतर भिंत घाला. तळ्यात आसरा हायत. पाण्यातल्या सात बाया. पूर्वी त्यांना मान मिळायचा. आता कोण इचारतंय? म्हणून त्या घेतात."

"मग काय करायचं?"

"तुम्ही नका काय करू. मी बघतेच हाय त्यांचं."

काकांना आसरांविषयी काही म्हणायचं नव्हतं. त्यांच्याही घरात नवस बोलले जायचे आणि फेडले जायचे. त्यांनी मान हलवली आणि विषय तिथेच राहिला.

रविवारी डॅनियलचा व्हिडिओ कॉल आला. तो एका तळ्याच्या काठी उभा होता. तळं सगळं गोठलेलं. मागून एक बाई कुत्र्याला पट्ट्यानं धरून नेत होती.

"एवढ्या मोकळ्या मैदानात बांधून कशाला नेते?" काकांनी विचारलं.

"मैदान नाही, बाबा. तळं आहे. वरून जमीन वाटते, पण मधे बर्फ पातळ असतो. कुत्रं पळत जातं आणि आत पडतं. मग मालक त्याच्या मागे धावतो आणि तोही पडतो. दरवर्षी होतं. इथे शाळेत शिकवतात, कुत्र्यामागे बर्फावर जायचं नाही म्हणून."

काका फोनकडे बघत राहिले. "म्हणजे आपलंच तळं की. नुसतं पांढरं."

"बाबा, तुम्ही त्या जलपर्णीत उतरणार नाही. मला शब्द द्या."

"पोहता येतं मला."

"चुनीलाही येत होतं," मागून हन्नाकाकू म्हणाल्या. काकांनी शब्द दिला.

कंपनीत एकदा एका पंपाचं सील तीनदा गेलं होतं. तिन्ही वेळा लोकांनी सील बदललं आणि सीलच्या कंपनीला शिव्या दिल्या. चौथ्यांदा काका पंपासमोर स्टूल टाकून बसले. पंप सुरू होताना मागचा पाइप त्याला खेचत होता, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून त्यांची खात्री होती की तोच बिघाड पुन्हा पुन्हा झाला तर बिघडलेल्या वस्तूकडे बघू नये. बिघाडाच्या आधी काय घडतं ते बघावं.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. चुनीचा सोमवार बाजूला ठेवला, ती सगळ्यांसमोर गेली होती. उरलेली तीन. तिन्ही कुत्री शुक्रवारी सकाळी पळीला होती. तिन्ही शनिवारी सकाळी नव्हती.

"शुक्रवार," काका म्हणाले.

"काय शुक्रवार?" हन्नाकाकू तांदूळ निवडत होत्या.

"शुक्रवारी संध्याकाळी मी कुठे असतो?"

"कुठे असणार? घरात. शब्बाथ लागतो."

शुक्रवारी सूर्य कलला की अष्टमकरांचं दार बंद व्हायचं. काकू दिवा लावायच्या. काका टोपी घालून मनुकांच्या पाण्यावर प्रार्थना म्हणायचे. मग जेवण. ते आटोपून काका कुत्र्यांना वाढायला निघायचे तेव्हा आठ वाजलेले असायचे, आणि अंधारात कोण आलं, कोण नाही ते मोजलं जायचं नाही. बाकी सहा दिवस सहाला. शुक्रवारी आठला. हे इतकी वर्षं चाललं होतं की त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दोन तास भुकेली कुत्री. पण भुकेली कुत्री तळ्यात का जातील? तळ्यात काय होतं?

"या शुक्रवारी मी बाहेर बसणार," काका म्हणाले.

काकूंचा हात सुपात थांबला. "दिवा लावताना?"

"एकच शुक्रवार."

मग काकू पुन्हा खडे शोधू लागल्या. "टोपी घालून बसा," त्या म्हणाल्या. "देवासाठी नाय घातली तर थंडीसाठी घाला."

त्या शुक्रवारीही काकांनी सहाची पळी वाजवली नाही. बिघाड बघायचा तर यंत्र दर शुक्रवारसारखंच चालवायला हवं, असा त्यांचा हिशेब. सायरनला आणि पिल्लांना त्यांनी मागच्या पडवीत कोंडलं. फोरमनला कोंडलं नाही. फोरमन बारा वर्षांचा. फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत जायलाही तो दोनदा विचार करायचा. तो कुठे जाणार?

काका मालतीबाईंच्या दगडी गडग्यावर बसले. रंगारी काम आटोपून गेले होते. बांबूची लांब शिडी भिंतीला टेकून उभी होती. वरच्या पायरीवर रंगाचा डबा लटकत होता. ऊन तळ्यावरून सरकत चाललं होतं.

सरूबाय आली. नवं लुगडं, हातात सूप. ती तळ्याच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर उतरली. सुपातून केळीचं पान काढलं. पानावर भाताची मूद, सोललेलं उकडलेलं अंडं, खोबऱ्याचा तुकडा. तिनं ते पान जलपर्णीवर ठेवलं, लांब काठीनं हळूहळू आत ढकललं आणि हात जोडले. मग सूप उचलून ती निघाली. सरळ. मान न वळवता. आसरांना वाढलं की मागे बघायचं नसतं.

पूर्वी पाणी उघडं होतं तेव्हा असलं पान चार हातांवर जाऊन बुडायचं आणि मासे ते संपवायचे. आता ते बुडालं नाही. हिरव्या पानांवर ते ताटासारखं बसलं. मधोमध पांढरं अंडं चमकत होतं.

काकांना सगळं एकदम कळलं. ते उठले आणि त्याच क्षणी त्यांना फोरमन दिसला.

बारा वर्षांचा फोरमन घाटाच्या पायऱ्या उतरत होता. नाक वर. शेपूट ताठ.

"फोरमन! ए फोरमन! माघारी ये!"

फोरमननं एकदा मागे बघितलं. मग जलपर्णीवर पाय ठेवला. पानांनी त्याला धरलं. तो चालू लागला, जपून, पाऊल मोजत. अंड्यापासून हातभर अंतरावर त्याचा मागचा भाग खाली गेला. आवाजसुद्धा झाला नाही. पुढचे दोन पंजे आणि डोकं तेवढं वर राहिलं.

काका घाटावर धावले. चपला उडाल्या. एक पाय त्यांनी जलपर्णीत घातलासुद्धा. तो मांडीपर्यंत गेला.

"एझ्राभाऊ! उभं नका जाऊ!"

सरूबाय चाळीस पावलांवर पोचली होती. ती मागे वळली होती. ती धावत येत होती. सूप रस्त्यात पडलं होतं.

"उभा माणूस खाली जातो! खाडीच्या गाळात आम्ही फळीवर आडवं पडायचो. पोटावर! फळी आणा!"

फळी कुठून आणणार? काकांनी मागे बघितलं. "शिडी! बाई, तुमची शिडी!"

मालतीबाई आरडाओरडा ऐकून ओट्यावर आल्या होत्या. तोंडात तक्रार तयार होती. मग त्यांना तळ्यात पानांवर ठेवल्यासारखं दिसणारं ते डोकं दिसलं.

"घ्या की! विचारत काय बसलात?" असं म्हणून त्यांनी स्वतःच शिडी ओढली. डबा खाली आला. लिंबू रंग ओट्यावरून वाहत अंगणात उतरला. बाईंनी त्यातूनच पाय टाकला.

रस्त्यानं आळीतल्या मिथुनची रिक्षा येत होती. त्यानं ती मधेच सोडली. सीटखालून गाडी ओढायचा दोर काढला. "काका, कमरेला बांधा. तुम्ही गेलात तर हन्नाकाकू मला ठेवणार नाय."

चौघांनी शिडी जलपर्णीवर लोटली. बांबू पानांवर पसरला आणि तरला. काकांनी कमरेला दोर बांधला. डॅनियलला दिलेला शब्द त्यांना आठवला. मी जलपर्णीत उतरत नाही, शिडीवर झोपतोय, असं त्यांनी मनातल्या मनात त्याला सांगून टाकलं आणि ते पालथे पडले.

"पोट खाली!" काठावरून सरूबाय ओरडली. "ढोपर नका टेकू! हातानं सरका! मेल्यागत पडा हो!"

"पडलोय ना!"

"मेलेला बोलत नाय! सरका!"

काका एकेक पायरी धरून पुढे सरकले. शिडी दबली. थंड पाणी सदऱ्यातून आत आलं. मुळांचा कुजका वास नाकात भरला. फोरमनचे डोळे त्यांच्याकडे लागले होते. तो केकाटत नव्हता. धडपडतही नव्हता. एक पंजा सटकला, मग फक्त एकच पंजा राहिला.

शिडी संपली. काकांनी हात लांब केला. हात पुरला नाही. ते छातीपर्यंत शिडीच्या पुढे गेले. मागून मिथुननं दोर आवळला. बोटांना ओले केस लागले. मग कातडं. त्यांनी मानगूट पकडली.

"धरला!"

"वर नका उचलू! आडवा ओढा! शिडीवर घ्या!"

काकांनी आडवा ओढला. फोरमन आला, थांबला. मागच्या पायांना मुळांचा वेढा होता. काकांनी दुसरा हात पाण्यात घातला. चाचपडत मुळं तोडली, एक झुपका, दुसरा झुपका. एकतीस वर्षं त्या हातांनी न दिसणाऱ्या जागी बोल्ट खोलले होते. तिसरा झुपका तुटला आणि फोरमन सगळाच्या सगळा काकांच्या अंगावर आला.

"ओढा!"

मिथुननं दोर ओढला. मालतीबाईंनी लिंबू रंगाच्या हातांनी शिडी ओढली. सरूबाय दोघांच्या मधे घुसली. शिडी पानं चिरत काठाला लागली. माणूस आणि कुत्रा घाटावर आडवे झाले. फोरमन खोकला. पाणी ओकला. मग उठला, चारही पाय थरथरत असताना नीट उभा राहिला आणि सगळ्यांकडे असं बघू लागला, जणू विचारतोय की कामाला इतका वेळ का लागला.

मिथुन आधी हसला. मग मालतीबाई. काका घाटावर पडल्या पडल्या हसत होते आणि त्यांना थांबता येत नव्हतं. कुणीतरी रिक्षाचा भोंगा वाजवला. रस्त्यात गर्दी झाली होती.

फाटकात हन्नाकाकू उभ्या होत्या. हातात टॉवेल. त्यांनी किती बघितलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. "दिवा लागलाय," त्या म्हणाल्या. "ओल्यानं उभं राहू नका. सगळे आत या. बाई, तुम्हीसुद्धा."

"माझे पाय रंगाचे आहेत हो."

"असू द्या. आमची फरशी कधीपासून एकाच रंगाची आहे."

टेबलावर काचेच्या वाटीत तेलाचा दिवा जळत होता. काकांनी कोरडे कपडे केले, टोपी नीट केली, प्रार्थना म्हटली. उशीर झाला होता, म्हणून की काय ती जरा मोठ्यानं म्हटली. मनुकांचं पाणी सगळ्यांना मिळालं. फोरमन गोणपाटात गुंडाळून दाराशी पडला होता.

सरूबायनं पेला हातात धरला होता, पण ती पीत नव्हती.

"ते अंडं मी ठेवलं," ती म्हणाली. "चुनी गेली तेव्हापासून दर शुक्रवारी ठेवते. आसरा शांत व्हाव्यात म्हणून. कुत्री वाचावीत म्हणून. आणि मीच त्यांना..." तिनं पदरानं डोळे पुसले.

"तुला दिसलं कसं नाही गो?" मालतीबाईंनी विचारलं. आवाज मऊ होता.

"वाढून मागं बघत नायत, बाई."

काकांनी पेला खाली ठेवला. "सरूबाय, निम्मं माझं. सहा दिवस मी त्यांना सहाला वाढतो. शुक्रवारी आठला. तू पान ठेवतेस तेव्हा त्यांच्या पोटात आग असते. तू मागं बघत नायस आणि मी दार लावून घेतो."

फोरमन शिंकला.

"म्हणजे एकानं उपाशी ठेवलं आणि दुसरीनं ताट मांडलं," हन्नाकाकू म्हणाल्या. "दोघं इतकी देवाची माणसं. आता रडताय काय? घास खा आणि पुढचं बोला."

पुढचं सरूबायच बोलली. कुणी तिला आसरा सोड म्हणालं नाही, पण तिनं आपणच विचार केला होता. "त्यांचे सात दगड काठावर करंजाखाली हायत. माझी सासू तिथंच वाढायची. पान पाण्यात सोडायचं माझंच डोकं, म्हटलं पाण्यातल्या बायांना पाण्यात द्यावं. पुढच्या शुक्रवारपासून दगडांपाशी ठेवते."

"कुत्र्यांनी खाल्लं तर?" मिथुन म्हणाला.

"खाऊ दे. आसरांना कुत्र्यांचं वावडं असतं तर आज त्यांनी फोरमनला सोडला असता व्हय?"

"आणि मी शुक्रवारी पाचला पळी वाजवीन," काका म्हणाले.

"एवढंच होतं," हन्नाकाकू म्हणाल्या, "तर वाजवायला तुम्हाला इतकी वर्षं कुणी धरलं होतं?"

काकांनी उठून फोरमनचं गोणपाट सारखं केलं.

रविवारी काकूंनी देवाच्या आभाराचा मलिदा केला. गुळाखोबऱ्यातले पोहे, वर केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी. प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं आणि ताट आधी सरूबायपुढे केलं. त्याच दुपारी मालतीबाईंनी सरपंचांना फोन लावला. सरपंच त्यांचा विद्यार्थी. बोलणं दीड मिनिटाचं झालं. त्यात बाईंची दोनच वाक्यं होती, बाकी सगळं "हो बाई". बुधवारी कोळ्यांची होडी आणि दहा माणसं आली. अख्ख्या तळ्याची जलपर्णी निघणं शक्यच नव्हतं, पण काठालगतचा दहा फुटांचा पट्टा त्यांनी उपसून काढला. कित्येक महिन्यांनी लोकांना पाणी दिसलं. काळं, चकचकीत. कुत्र्यांनाही दिसलं. ती काठाशी थबकू लागली.

तेवढ्यानं काकांचं समाधान झालं नाही. एखादं पडणारच. पडलं तर वर कुठून येणार? घाटाच्या पायऱ्या एकाच बाजूला, बाकी तीन बाजू सरळ उभ्या, दगडी.

ते गाडीत बसून पेणला गेले. रामवाडीत चुलत बहिणीकडे चहा घेतला आणि गणपतीच्या एका कारखान्यात शिरले. मूर्तीच्या प्लॅस्टरमध्ये घालायला तिथे काथ्याची पोती रचलेली असतात. मालक पुंडलिक. दोघं एका वर्गात होते.

"काथ्या कशाला रे तुला? तू आता गणपती करणार?"

"कुत्र्यांची शिडी करणार."

पुंडलिकानं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि चेष्टा करायचं सोडून कहाणी ऐकून घेतली. मग दोन पोती उचलून स्वतः स्टेशनपर्यंत आला.

काकांनी बांबूचे तीन उतार बनवले. वरचं टोक काठाला साखळीनं बांधलेलं, खालचं टोक पाण्यात बुडालेलं. बांबूवर काथ्या गच्च गुंडाळला, पंजे घसरू नयेत म्हणून. तळाशी रिकामे कॅन बांधले, पाणी कमीजास्त झालं तरी उतार तरंगावा म्हणून. प्रत्येकापाशी एक लांब शिडी आणि दोर. वर पाटी. अक्षर मालतीबाईंचं: "कुत्रं बुडत असेल तर मागे धावू नका. शिडी टाका. पालथे पडा. दोर दुसऱ्याच्या हाती द्या." फोरमननं तिन्ही उतारांची पाहणी केली, प्रत्येकावर तंगडी वर केली आणि काकांनी ती सही मानली.

आठवडे गेले. शुक्रवारी पाचला पळी वाजायची. सहाला करंजाखाली पान पडायचं. शनिवारी सकाळी काका पळी हातात घेऊन मोजायचे. सगळी असायची. तरी ते दोनदा मोजायचे. कारण उतारावरून अजून एकही कुत्रं चढलं नव्हतं. आपण केलेलं चालतं की नाही, हे फिटरला चालल्याशिवाय कळत नाही.

माघातला शेवटचा शुक्रवार. दिवा लागला होता. काकांनी पेला हातात घेतला होता. बाहेर सायरन भुंकायला लागली. तिचा नेहमीचा सूर नव्हता तो. मग माणसांचे आवाज. मग सगळं एकदम गप्प.

काकांनी घाईनं पेला टेकवला. मनुकांचं पाणी टेबलावर सांडलं.

"जा," हन्नाकाकू म्हणाल्या.

ते दारापर्यंत पोचायच्या आत बाहेर टाळ्या सुरू झाल्या.

पलीकडच्या काठावर मिथुन, मालतीबाई, सरूबाय आणि आळीतली पाचसात माणसं उभी होती. टाळ्या थांबवून सगळ्यांनी आता हात मागे बांधले होते, कुणी बोट लावलं नाही हे काकांना दिसावं म्हणून. मधे सायरनचं तपकिरी पिल्लू. ओलंचिंब, अंगाला मुळं चिकटलेली. ते अंग झाडत होतं आणि बाई मागे सरत नव्हत्या.

"कुणी काढलं?" काकांनी रस्त्यावरूनच विचारलं.

"कुणी नाय!" मिथुन ओरडला. "खेळता खेळता घसरलं. मी शिडी उचलली तर सरूबाय म्हणाली, थांब जरा. ते पोहत उताराशी आलं, पंजे टाकले आणि चढलं."

"घसरलं नाय?"

"एकदा घसरलं. काथ्यात नखं रोवली आणि पुन्हा चढलं."

"तू हात लावलास? खरं सांग."

"बोटसुद्धा नाय, काका. बाईंना विचारा."

काका वळसा घालून तिथे पोचले आणि त्यांनी बाईंना विचारलं. मग सरूबायला विचारलं. मग पिल्लाला उचलून सदऱ्यात घेतलं आणि पुन्हा मिथुनकडे वळले.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "उताराला पहिला कुठला पाय लावला?"